दोघींचं अक्षर

शिंप्याच्या मेणखडूची रेघ गरम इस्त्री फिरली की कापडावरून नाहीशी होते.

*

पहिलीच्या मुलांना 'ज' काढायला त्रास होतो. पोट कुठल्या बाजूला वळवायचं तेच कळत नाही. मी नोकरीभर पहिलीलाच शिकवलं.

*

हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे निरोप नेणारी एक वाट असते. ती बंद पडली की वरचा कप्पा आपल्या चालीनं चालतो, खालचा आपल्या. माणूस बसल्या जागी कोसळतो.

*

मोडकी सुई माझे वडील रस्त्यावर कधी टाकत नसत. डबीत जपून ठेवत. कुणाच्या पायात घुसली तर धनुर्वात होऊन जबडा बसतो, म्हणत.

*

आमच्या माणदेशातल्या जुन्या बायका सांगत : सोनंनाणं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं.

गि

"बायजाबाई, खरं सांगा. तुमचं नाव गिरजा आहे का?"

डॉक्टर शिरगुप्पे कातडीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आईचा डावा हात खिडकीच्या उजेडात धरला होता आणि कोपराखालच्या आतल्या अंगावर त्यांचं बोट फिरत होतं. आंधळा माणूस वाचतो तसं.

आईनं हात सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला.

"केसपेपरवर बायजा आहे," डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "पेशंट बदलला नाही ना, एवढंच बघत होते."

"माझी आईच आहे," मी म्हणाले.

खाटेच्या पायथ्याशी आण्णा, म्हणजे माझे वडील, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. "चाळीस वर्सं हीच हाय," ते म्हणाले. "बदलून मिळत असती तर सांगायचं हुतं आधी."

"गप बसा," आई म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य.

मिरजेच्या दवाखान्यात तिला आणून दोन दिवस झाले होते. आण्णांच्या मशीनमध्ये दोरा ओवता ओवता ती बाजूला कलंडली होती. मिरजेत पोचली तेव्हा ठोके इतके कमी होते की मानेच्या शिरेतून एक तार आत सोडून हृदयाला बाहेरून ठोका द्यावा लागत होता. सलाइन लावताना नर्सला हातावरच्या फुगवट्या दिसल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी शिरगुप्पेबाईंना बोलावून घेतलं.

तो हात आम्ही जन्मभर पाहत होतो. तिथं एक हिरवट डाग होता. शाईत पाणी सांडावं तसा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, काय लिहिलंय? "माझं नाव," आई म्हणाली होती. माणसाच्या हातावर त्याचं नाव असतं, यात पुन्हा विचारण्यासारखं काही नव्हतं. मिरजेला यायच्या आधीच्या दिवाळीनंतर तिथं खाज सुटायला लागली. मग तो डाग रेघ रेघ करून वर आला. आईनं आण्णांकडून लांब बाह्यांची चोळी शिवून घेतली आणि उष्णता झालीय असं सांगितलं.

त्याच्या आधी वर्षभर खोकला होता. तालुक्याच्या डॉक्टरांना छातीच्या फोटोत गाठी दिसल्या, त्यांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. गोळ्या संपल्या. गाठी होत्या तिथंच राहिल्या.

"मला वाटतं हा सारकॉइडोसिस आहे," डॉक्टर शिरगुप्पे म्हणाल्या.

आण्णांनी मान हलवली. "सरकारी डोस झालाय की तिचा. पुरा सहा म्हैने. दवाखान्यातनं फुकट मिळायचा."

डॉक्टर हसल्या. हसू आवरून त्या खाटेवर टेकल्या आणि आण्णांनाच समजावून सांगायला लागल्या. शरीर कधी कधी स्वतःच्याच अंगात बारीक गाठी धरायला लागतं. बहुतेकांना फुप्फुसात. पण कुठंही धरेल. डोळ्यात, लाळेच्या ग्रंथीत, क्वचित हृदयात. आणि जुना व्रण किंवा जुनं गोंदण त्याला फार आवडतं.

"जिथं पूर्वी सुई गेलीय तिथं जाऊन बसतं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे उसवायला शिवणच धरतंय," आण्णा म्हणाले.

"तसंच. म्हणून मला त्यातला एक तुकडा पाहिजे. मसुरीच्या दाण्याएवढा. एका टाक्याचं काम."

"एकच टाका?"

"एकच."

"न्हाई," आई म्हणाली.

र

आम्हाला वाटलं, घाबरली.

आण्णांनी तिला सुईवरून चिडवलं. शिंप्याची बायको आणि टाक्याला भ्याली, म्हणाले. मी आमच्या शाळेतल्या मुलांना लस टोचतात तेव्हा बोलते तशी बोलले, मुंगी चावल्यासारखं वाटेल वगैरे. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचं भांडं भरायला उठले.

शिरगुप्पेबाई संध्याकाळी पुन्हा आल्या. त्यांनी सगळं सरळ मांडलं. हा टीबी असेल आणि आपण स्टिरॉइड दिलं, तर टीबी अंगभर पसरेल. टीबी नसेल आणि स्टिरॉइड दिलं नाही, तर हृदयातल्या गाठी वाढत जातील. छातीत यंत्र बसवलं तरी ते फक्त ठोका देईल. गाठी थांबवणं त्याच्या हातात नाही. म्हणून आधी कळायला पाहिजे की हे दोघांतलं कोण आहे.

"छातीतनं काढा की," आई म्हणाली. "तितं हायत न्हवं गाठी?"

"छातीतून काढायला पूर्ण भूल द्यावी लागेल. तुमच्या हृदयाला ती सोसणार नाही."

"मग मानंतनं काढा. पाठीतनं काढा. कुटनं बी काढा. हात न्हाई."

म्हणजे घाबरलेली नव्हती. डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"बायजाबाई, टेबलावरच जाल तुम्ही."

"मग जाते."

"अगं आई!" मी म्हणाले.

"का? जायचं काय कुनाला चुकलंय?"

हे बोलताना ती माझ्याकडे वळली, आणि वळताना मानेतली तार हलली असणार. तिचे डोळे वर गेले. खाटेशेजारच्या पडद्यावरची रेघ, जी आतापर्यंत शाळकरी पोरासारखी उड्या मारत होती, आडवी झाली. डॉक्टर शिरगुप्पेंनी तिच्या छातीवर हातांचा जोर टाकला आणि ओरडून नर्सला बोलावलं. हृदयाचे डॉक्टर धावत आले, त्यांनी तार सारखी केली. रेघ पुन्हा उठली. या सगळ्याला फार वेळ लागला नाही. आण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. खाली काही पडलंय की काय असं वाटावं अशी त्यांची नजर फरशीवर होती.

आई शुद्धीवर आली. पाणी मागितलं. चमच्यानं दोन घोट घेतले.

सगळे गेल्यावर आण्णा तिच्या उशाशी आले. त्यांनी चादर बाजूला केली, तिचा हात बाहेर घेतला. या वेळी तिनं ओढून घेतला नाही, तेवढी ताकद नव्हती. आण्णांचं बोट शिंप्याचं होतं, कापडाची उभी-आडवी वीण अंधारात ओळखणारं. ते फुगवट्यांवरून हळूहळू सरकलं.

"गि," आण्णा म्हणाले. "र. जा."

मग त्यांनी चादर पुन्हा तिच्या हातावर ओढली.

"बाईचं निघालं हे बरं," ते म्हणाले. "बाप्याचं निघालं असतं तर ह्या वयात मी कुटं तोंड दाखवलं असतं?"

आईच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"कोन गं ही गिरजा? जिच्यापायी मला रंडका करायला निघालीस?"

जा

तिनं लगेच सांगितलं नाही. सकाळी सांगितलं. डॉक्टर शिरगुप्पे फेरीला आल्या होत्या, खुर्चीवर बसल्या होत्या, आणि तिनं त्यांनाच सांगितलं. आम्ही नुसते तिथं होतो.

"माझी भैन हाय. थोरली."

"तुला भैन हुती?" आण्णा म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आजोळच्या कुणाच्या तोंडून मीही कधी हे नाव ऐकलं नव्हतं.

"चैताच्या जत्रंत गोंदारीण बसली हुती. तिला अक्षर येत न्हवतं. नुसतं बघून उतरवायची. मग देवळातल्या गुरवानं फरशीवर कोळशानं आमची नावं काढून दिली. एक हिकडं, एक तिकडं. म्हनाला, ही हिच्या म्होरं बसंल आन ती तिच्या म्होरं. जिच्या म्होरं जे नाव ते तिच्या हातावर. एवढं सांगून त्यो गेला. आन आमी जागा बदलल्या."

"का बदलल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"बदलल्या," आई म्हणाली.

मी उशी सारखी केली.

"घरी आलो. दादास्नी, म्हंजे माझ्या बास्नी, वाचाय येत हुतं. त्यांनी दोघींचे हात धरले आन हसाय लागले. आई वरडली त्यांच्यावर. दादा म्हनले, हसू नगं तर काय करू, आता बायजा म्हनून हाक मारली की गिरजानं ओ द्याची. मग आमी तसंच खेळाय लागलो. आई हाक मारायची बायजे, की ती पळायची. गिरजे म्हनली की मी. आईला कळायचं न्हाई कुनाला मारावं."

ती हसली. खोकला आला. खोकला थांबेपर्यंत डॉक्टरांनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"खपल्या पडायच्या आत तिचा जबडा बसला."

आण्णांनी मान वर केली. डॉक्टर शिरगुप्पे काहीतरी लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मोडकी सुई डबीत ठेवणारा माणूस आणि डॉक्टर. मग दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

"वड्याच्या काठाला पुरली. हातावर माझं नाव घिऊन गेली ती. तिकडं हात बघून इचारत्यात म्हनं, कोन आली? बायजा आली, असं झालं असंल. म्हनून मला इतकी वर्सं कुनी बोलवलं न्हाई. मी जाईन तवा हे नाव तिला द्याचं हाय. तिचं तिला, माझं मला." तिनं दुसऱ्या हातानं त्या फुगवट्या झाकल्या. "हे खाडाखोड केलेलं कसं दिऊ?"

वॉर्डात शेजारच्या खाटेवर कुणीतरी डबा उघडत होतं. भाकरीचा वास आला.

डॉक्टर शिरगुप्पे यांनी तिला समजावलं नाही. असं काही नसतं, असं म्हणाल्या नाहीत. बाजारात भाजी पारखावी तसा त्यांनी हात पुन्हा उजेडात धरला, इकडून तिकडून पाहिला, आणि विचारलं, "पूर्ण नाव नको मला. एका अक्षरातलं थोडं दिलंत तर?"

आण्णा लगेच पुढं झाले. "काना घ्या. काना म्हंजे काय, नुसती काठी. शिवनीत दाबून टाकता येती."

"काना काढला तर गिरज ऱ्हातं," आई म्हणाली. "गिरज कुनाचं नाव असतंय?"

"मग मधला र."

"गिजा?"

"गिजा वाईट न्हाई," आण्णा म्हणाले. "गिजाबाई म्हनून कासेगावला एक..."

"गप बसा तुमी."

"तसं मला जिथं गाठ जास्त भरलीय तिथून घेतलेलं बरं," डॉक्टर म्हणाल्या. "ते इथं आहे. या शेवटच्या अक्षरात. ज च्या पोटात."

आईनं मान उचलायचा प्रयत्न केला. मी तिच्या पाठीखाली हात घातला. तिनं स्वतःचं बोट त्या शेवटच्या अक्षरावर ठेवलं, पोटावरून फिरवलं, काठीवरून खाली आणलं. मग मला म्हणाली,

"शालन, तू मला सही शिकवलीस तवा शेवटचं अक्षर कुटलं हुतं?"

मी नोकरीला लागले त्या वर्षी तिला सही शिकवली होती. शाळेच्या ओट्यावर, पाटीवर. 'बा' गिरवायला तिला बरेच दिवस लागले. 'य'ला त्याहून जास्त. 'जा' मात्र मी दाखवायच्या आधीच तिनं काढला, एका दमात, पोट बरोबर बाजूला वळवून. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपल्याला शिकवायला चांगलं जमतं.

"जा," मी म्हणाले.

"हेच न्हवं?"

"हेच."

"मला तवाच दिसलं हुतं. मी म्हनलं, हे तर माझ्या हातावर बी हाय." ती डॉक्टरांकडे वळली. "हे दोघींचं अक्षर हाय, बाई. तिच्या नावात बी, माझ्या नावात बी. तिच्या हातावर बी हाय ते. माझ्याकडनं गेलं तर तिच्याकडनं घिऊन पुरं करू. हे काढा."

डॉक्टर उठल्या. "आत्ताच करू," म्हणाल्या. तिचा विचार बदलायच्या आत, असं त्यांना वाटलं असावं. नर्सला सामान आणायला सांगितलं.

"बायजे," आण्णा म्हणाले, "आता तुझ्या हातावर 'जा' ऱ्हानार न्हाई. तुला जा म्हनायला कुनी ऱ्हायलं न्हाई."

"तुमी हाय न्हवं रोज म्हनायला."

बधिर करायची सुई टोचली तेव्हा आईनं डोळे मिटले नाहीत. सुईकडे एकटक पाहत राहिली. सुई बाहेर आली तशी तिनं डॉक्टरांना विचारलं, "नवी हाय न्हवं?"

"कोरी आहे. तुमच्यापुढंच फोडली."

"मग चालंल."

पेनाच्या टोकासारखी एक पोकळ सळई डॉक्टरांनी त्या अक्षरावर ठेवली आणि फिरवली. काज पाडतात तसं गोल छिद्र पडलं. तुकडा बाटलीत गेला. मग टाका. आण्णा अगदी वाकून पाहत होते.

"गाठ सैल पडलीया," ते म्हणाले.

डॉक्टरांनी गाठ पुन्हा मारली.

( )

तुकड्यात गाठी होत्या, पण आत कुजलेलं काही नव्हतं. टीबीचा जंतू सापडला नाही. छातीत यंत्र बसलं, स्टिरॉइड चालू झालं. आईचा चेहरा पौर्णिमेसारखा गोल झाला आणि भूक इतकी वाढली की आण्णा तिला दुष्काळ म्हणून हाक मारायला लागले. पुढं डोस कमी झाला तसा चेहराही उतरला. सरकारी डोस हा शब्द मात्र आमच्या घरात कायम राहिला.

हृदयातल्या गाठींचं काय होतंय ते आम्हाला दिसत नव्हतं. हात दिसत होता. दर महिन्याला मिरजेला गेलो की डॉक्टर शिरगुप्पे आधी हात मागायच्या. 'गि' खाली बसला. मग 'र'. पुन्हा तो हिरवट डाग झाला, कुणालाही न वाचता येणारा. शेवटच्या अक्षराच्या जागी मसुरीच्या दाण्याएवढा पांढरा व्रण उरला. एकदा मी विचारलं, ती अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून तुला वाईट वाटतं का?

"दिसायला कशाला पायजेत?" आई म्हणाली. "हायत न्हवं."

ती त्यानंतर बरीच वर्षं राहिली. नातवंडं खेळवली, आण्णांशी भांडली, दोन वेळा यंत्राची बॅटरी बदलून घेतली. गेली ती मेंदूत रक्तस्राव होऊन, दुपारी, निवडायला घेतलेल्या गव्हाजवळ. त्याचा या आजाराशी काही संबंध नव्हता, असं शिरगुप्पेबाई फोनवर म्हणाल्या.

अंघोळ घालून झाली. गल्लीतल्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. आण्णा तोवर बाहेर ओट्यावर बसून होते. ते आत आले. बायका बाजूला सरकल्या. आण्णा गुडघ्यावर बसले, तिचा डावा हात उलटा करून मांडीवर घेतला, आणि सदऱ्याच्या खिशातून मेणखडू काढला.

त्या पांढऱ्या व्रणावरून त्यांनी 'जा' काढला. सावकाश. पोट, दांडा, काना. वर रेघ दिली.

"आण्णा," मी म्हणाले, "तो उडून जाईल."

"ठावं हाय." त्यांनी रेघ अंगठ्यानं जरा दाबली. "तितं पोचंपातूर टिकला म्हंजे झालं. म्होरचं त्या दोघी बघून घेतील."

जत्रेत गोंदायची पहिली पाळी आईची होती, हे तिनं मला पुढं एकदाच सांगितलं होतं. सुई बघून ती रडायला लागली, म्हणून तिच्या जागेवर गिरजा बसली.